शाळेचे सभागृह : माल गावचा, जोडणी नवी

शाळेस सभागृह हवे असा विचार गावात निघाला की, बहुधा दोनच सूचना पुढे येतात. एक, लोखंडी कैच्या उभारून वर पत्रे टाकावेत. दुसरी, खांब उभे करून काँक्रीटचा स्लॅब घालावा. पहिली सूचना स्वस्त, दुसरी प्रतिष्ठेची. सबब पैसा असेल त्याप्रमाणे दोहोंपैकी एक मान्य होते व पुढील विचार गुत्तेदारावर सोपविला जातो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण शाळेच्या समितीवर असतात, काहींनी शाळेस जमीनही दिलेली असते. त्यांच्यासमोर तिसरी एक सूचना ठेवावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

परभणी जिल्ह्यातील पालम भाग आम्ही उदाहरणादाखल घेतो. गंगाखेडहून लोह्याकडे जाताना लागणारा हा तालुका. उत्तरेस गोदावरीचे खोरे व तेथील खोल काळी जमीन, दक्षिणेस बालाघाटाच्या डोंगररांगा, मुरूम व काळा दगड. पाऊस वर्षास सरासरी तीस ते पस्तीस इंच, तोही बहुतेक चार महिन्यांत. आणि चैत्र-वैशाखात पारा बेचाळीस अंशांवर जाण्यास वेळ लागत नाही. अशा ठिकाणी पत्र्याखाली दुपारी मुले बसविणे ही शिक्षाच होय. पावसाळ्यात तर सरींच्या आवाजापुढे गुरुजींचा शब्द पहिल्या ओळीपलीकडे पोहोचत नाही. स्लॅब दिवसभर ऊन पितो व सायंकाळी तेच खाली सोडू लागतो. म्हणजे शाळा सुटल्यावर ग्रामसभेस किंवा कीर्तनास लोक जमावेत त्याच वेळी सभागृह सर्वांत गरम असते.

माती, दगड, चुना, बांबू व कौले यांचे सभागृह ही तिसरी सूचना. ती मांडताच वडीलधारी माणसे मान हलवतात. मातीच्या घरांनी काय केले ते त्यांनी पाहिलेले किंवा ऐकलेले असते. त्यांची शंका रास्त आहे व तिचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे आम्हांस योग्य वाटत नाही.

सन १९९३ चा धडा

दिनांक ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास, लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. गणपतीचे विसर्जन करून दमून झोपलेली माणसे अंथरुणातच गाडली गेली. सात हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. बावन्न गावे पुढे नव्या जागी वसवावी लागली. त्या काळच्या भूकंपाच्या नकाशात हा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. सन २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात जे धक्के बसले ते परभणी व नांदेड जिल्ह्यांतही जाणवले. तेव्हा आपला भाग सुरक्षित आहे असे गृहीत धरून बांधकाम करण्याचे दिवस संपले आहेत.

परंतु त्या पहाटे नेमके काय पडले, हे नीट पाहिले पाहिजे. घरे होती ती माळवदाची. भिंती दीड-दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत रुंद, गोल-वेड्यावाकड्या दगडांच्या, मातीत रचलेल्या. बाहेरची एक रांग, आतली एक रांग, मध्ये दगडगोट्यांची भर. दोन्ही रांगांस एकत्र बांधणारा आरपार दगड क्वचितच. जमीन हलताच अशा भिंतीचे पोट फुटले, बाहेरची रांग बाहेर व आतली आत पडली. भिंत गेल्यावर वरचे माळवद खाली आले.

माळवदाचे वजन किती, याचा हिशेब शेतकऱ्यास सहज समजेल. दाबून बसविलेल्या कोरड्या मातीचे वजन घनफुटास सुमारे ४५ किलो धरू. दीड फूट जाडीचा थर असल्यास दर चौरस फुटावर ६७ किलोंच्या वर भार होतो. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीच्या डोक्यावर याप्रमाणे आठ टन माती असते. गळती थांबविण्यासाठी दर एक-दोन वर्षांनी नवी माती टाकण्याची वहिवाट असल्याने हा भार वाढतच जातो, आणि भाद्रपदात ती माती भिजलेली असते. याउलट कौले, वासे व रिपा मिळून दर चौरस फुटास सहा-सात किलोंचा भार पडतो, म्हणजे माळवदाच्या दहाव्या हिश्श्याइतका.

दोष होता तो डोक्यावरील ओझ्याचा व न बांधलेल्या सांध्यांचा. माती व दगड हा माल तोच ठेवून जोडणी बदलली तर इमारत पुष्कळ सुरक्षित होते. भारतीय मानक ब्यूरोने मातीच्या व कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठी सन १९९३ मध्येच जे नियम प्रसिद्ध केले, त्यांचा रोख हाच आहे. आमच्या सर्व विवेचनाचे सूत्रही एवढेच: माल गावचा असावा, जोडणी नवी असावी, छप्पर हलके असावे.

इतरांनी केलेले प्रयोग

ही कल्पना कागदावरची नव्हे. सन १९३६ मध्ये महात्माजी सेवाग्रामास राहावयास गेले, तेव्हा त्यांच्यासाठी तेथील माती, बांबू, लाकूड व कौले यांचीच घरे उभारली गेली. ती आजही उभी आहेत, कारण त्यांची डागडुजी वर्षानुवर्षे होत आली. वर्ध्यासच सन १९७६ मध्ये डॉ. देवेंद्रकुमार यांनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र स्थापिले. चाकावर घडविलेली शंकूच्या आकाराची पोकळ कौले एकात एक अडकवून कमान करावी व तिच्या आधारे छप्पर घालावे, ही रीत त्या केंद्राने पुढे आणली. तीत लाकूड लागत नाही व गावच्या कुंभारास काम मिळते.

आपल्याच गोदावरीच्या वरच्या अंगास, अहिल्यानगर जिल्ह्यातील कोपरगावी, शारदा शाळेच्या आवारात सन २०१८ मध्ये एक ग्रंथालय पूर्ण झाले. वास्तुरचनाकार समीप पडोरा यांनी त्याचे छत पातळ भाजक्या विटांचे थर एकावर एक चिकटवून कमानीसारखे वळविले आहे. ही स्पेन देशातील कॅटलोनिया प्रांताची जुनी रीत. छत जमिनीपासूनच उचलत गेल्याने मुले त्यावर चढून जातात. त्याच वास्तुरचनाकारांनी साकरवाडी येथे जेतवन नावाचे केंद्र बांधले. तेथील भिंती खाणीतून वाया जाणारा काळ्या दगडाचा चुरा व राख एकत्र ठासून केलेल्या आहेत. ही गोष्ट आमच्या भागास विशेष लागू पडते, कारण खडी फोडण्याची यंत्रे चालतात तेथे चुऱ्याचे ढीग असतात आणि औष्णिक विजेसाठी प्रसिद्ध असलेले परळी गंगाखेडापलीकडेच आहे.

परदेशातील एकच उदाहरण देतो. बांगलादेशातील दिनाजपूर जिल्ह्यात रुद्रपूर नावाचे खेडे आहे. तेथे सन २००५ मध्ये आना हेरिंगर या जर्मन वास्तुरचनाकार बाईंच्या मार्गदर्शनाखाली शाळेची इमारत झाली. खाली विटांचा पाया, त्यावर पेंढा घालून तुडविलेल्या मातीच्या जाड भिंती व वरच्या मजल्यास बांबू. कामावर बव्हंशी गावचीच माणसे होती. या इमारतीस सन २००७ मध्ये वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. आमच्यापेक्षा कितीतरी अधिक पावसाच्या मुलखात मातीची शाळा टिकते, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुरे.

जागा व पाया

काळ्या जमिनीचा स्वभाव शेतकऱ्यास सांगावयास नको. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आखडून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पिकास जो गुण उपकारक तोच इमारतीस घातक. पालम भागात कित्येक नव्या इमारतींच्या भिंतींस तिरप्या चिरा दिसतात. त्यांचे खापर गवंड्यावर किंवा सिमेंटवर फुटते, पण बहुधा मूळ कारण जमिनीखाली असते.

म्हणून जागा ठरविण्यापूर्वी वैशाखात दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन पाहावेत. भेगा किती खोल जातात व मुरूम किती फुटांवर लागतो हे त्या वेळी स्पष्ट दिसते. मुरूम पाच-सहा फुटांच्या आत लागत असेल तर पाया मुरमापर्यंत न्यावा. काळी माती काढून शेतात पसरावी. ती पायाच्या चरांत किंवा जोत्याच्या भरावात पुन्हा टाकू नये. भराव मुरमाचा, थराथराने पाणी मारून धुमसाने ठोकलेला असावा. काळी माती फार खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी प्रचारात आणलेले, तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब सुमारे बारा फूट खोल उतरवून त्यांवर तुळई घ्यावी. तुळई व जमीन यांच्यामध्ये तीन इंच पोकळी ठेवावी, म्हणजे माती फुगली तरी तुळईस उचलणार नाही. हे काम अभियंत्याच्या देखरेखीवाचून करू नये.

जोते दोन ते अडीच फूट उंच, घडीव काळ्या दगडाचे असावे. त्यावर ओल वर चढू नये म्हणून सिमेंटचा एक पक्का थर द्यावा. इमारतीभोवती चार फूट रुंद, बाहेरच्या अंगास उतार असलेली फरसबंदी करावी. तिच्यामुळे पायालगतची जमीन एकदम भिजत नाही व एकदम वाळतही नाही. लिंब, चिंच यांसारखी झाडे अवश्य लावावीत, परंतु ती पूर्ण वाढल्यावर जेवढी उंच होतील तेवढे अंतर भिंतीपासून राखावे. त्यांची मुळे जमिनीतील ओल ओढून घेतात व तेवढ्या भागात पाया खचतो.

भिंत

दोनशे मुले मांडी घालून बसावयाची असल्यास, दर मुलामागे सहा चौरस फूट धरून, बाराशे चौरस फूट जागा लागते. चोवीस फूट रुंदी व पन्नास फूट लांबी हे माप आम्ही सुचवितो. रुंदी याहून वाढविली तर छपराच्या कैच्या जड व खर्चिक होतात.

जोत्यावर तीन फुटांपर्यंत काळ्या दगडाचे बांधकाम चुन्यात किंवा सिमेंटात करावे. पावसाचे शिंतोडे, गुरांची शिंगे व मुलांचे पाय यांचा मार येथेच बसतो. दगडी बांधकामात दर दोन फूट उंचीस व दर चार फूट लांबीस भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड घातलाच पाहिजे. असा दगड न मिळाल्यास सळई घालून काँक्रीटचा तुकडा तेथे ओतावा. किल्लारीच्या भिंतींस हाच बंध नव्हता.

तीन फुटांच्या वर मातीचे दाबीव ठोकळे वापरावेत. यांत भट्टी लागत नाही. माती, रेतीसारखा दगडाचा चुरा व शेकडा पाच ते आठ भाग सिमेंट एकत्र करून हातयंत्राने दाब देतात. सन १९७४ पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत यावर काम झाले असून पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये याचे शिक्षण मिळते. माती कोणती चालेल याची परीक्षा घरीही करता येते. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती घालून ती पाण्याने भरावी, चिमूटभर मीठ टाकून खूप हलवावी व एक दिवस ठेवावी. रेती मिनिटभरात तळाशी बसते, गाळ तिच्यावर बसतो व चिकणमाती सर्वांत वर राहते. चिकणमाती पाचव्या हिश्श्याच्या आसपास असेल तर माती ठोकळ्यास योग्य. नुसती काळी माती या परीक्षेत नापास होते. मुरमाड, तांबूस माती घेऊन तीत चुरा मिसळणे हाच उपाय.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. पांढरी माती माळवदास उत्तम म्हणून जुन्या गावठाणाची पांढर उकरण्याची चाल पूर्वापार आहे. खत म्हणूनही ती शेतात नेली गेली. परंतु पांढर म्हणजे शेकडो वर्षांच्या वस्तीचा साठा असतो, आणि तिच्यात आपल्या पूर्वजांची भांडी, नाणी व भिंती पुरलेल्या असतात. शाळेच्या सभागृहासाठी इतिहासाचे पुस्तक फाडावे हे आम्हांस पसंत नाही. त्याचप्रमाणे वीटभट्टीसाठी शेताची वरची कसदार माती विकणेही आतबट्ट्याचे आहे, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. विटाच वापरावयाच्या झाल्यास केरळात आयुष्य घालविलेले वास्तुरचनाकार लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी लोकप्रिय केलेली पोकळ रचना करावी. तीत विटा कडेवर उभ्या ठेवून मध्ये पोकळी सोडतात. त्यायोगे सुमारे एक चतुर्थांश विटा वाचतात आणि पोकळीतील हवेमुळे उष्णता आत कमी येते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जोत्याच्या पातळीवर, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर व छपराखाली असे तीन पट्टे संपूर्ण इमारतीभोवती अखंड फिरविले पाहिजेत. पट्टा किमान तीन इंच जाड, आत सळया घातलेल्या काँक्रीटचा असावा. पेटीस पत्र्याची पट्टी मारावी तसे हे पट्टे चारही भिंतींस एकत्र धरतात. कोपऱ्यांत पायापासून छपरापर्यंत उभी सळई घ्यावी. पन्नास फूट लांबीची भिंत एकटी उभी राहू शकत नाही, म्हणून दर बारा फुटांवर तिला जाड टेकू द्यावा. खिडक्यांची एकूण रुंदी भिंतीच्या लांबीच्या एक तृतीयांशाहून अधिक नसावी व कोपऱ्यापासून दोन फूट जागा मोकळी सोडावी. या सर्व पट्ट्यांस लागणारे सिमेंट व लोखंड स्लॅबच्या इमारतीच्या मानाने अगदी थोडे आहे; परंतु मुलांचे प्राण त्यावर अवलंबून आहेत, सबब येथे काटकसर नको.

छप्पर

छप्पर उतरते, कौलारू व बांबूच्या किंवा लाकडाच्या कैच्यांवर उभारलेले असावे. बांबू तीन-चार वर्षांचा, पक्का घ्यावा. कोवळ्या बांबूत साखर व पिठूळ अंश अधिक असल्याने त्यास लवकर कीड लागते. पावसाळा संपल्यावर तोड करावी. शंभर लिटर पाण्यात सुमारे पाच किलो बोरॅक्स व बोरिक अॅसिड मिळून घालावे, बांबूच्या पेऱ्यांतील पडदे लांब सळईने फोडावेत व आठवडाभर तो त्या पाण्यात बुडवून ठेवावा. मग सावलीत वाळवावा. हे औषध पावसाने धुऊन जाते, म्हणून असा बांबू नेहमी छपराखालीच राहिला पाहिजे. सन २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला असल्याने, आपल्या शेताच्या बांधावरील बांबू तोडण्या-नेण्यास त्या कायद्याखालील परवान्याची अडचण उरलेली नाही. आज ओढ्याकाठी मानवेल जातीची बेटे लावली तर पुढील पिढीच्या दुरुस्तीचा माल गावातच तयार होईल.

गवताचे किंवा उसाच्या पाचटाचे शाकार मात्र शाळेवर कदापि घालू नये. दिनांक १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम् येथे शाळेच्या शाकारलेल्या छपरास आग लागून ९४ मुले जळून गेली. आगीचा आरंभ दुपारच्या जेवणाच्या स्वयंपाकघरापासून झाला होता. यावरून पोषण आहाराची चूल सभागृहापासून चांगल्या अंतरावर ठेवणे, विजेच्या तारा नळीतून नेणे व सभागृहास समोरासमोर किमान दोन मोठी, बाहेर उघडणारी दारे ठेवणे हे तीन नियम कायमचे समजावेत.

कौलांविरुद्ध आमच्या भागात खरा आक्षेप वानरांचा असतो, व तो खोटा नाही. यास उपाय असे: कौले रिपेस तारेने बांधावीत, झाडांच्या फांद्या छपरापर्यंत येऊ देऊ नयेत, कौलांखाली बांबूच्या कामट्यांची चटई ठोकावी, म्हणजे फुटके कौल मुलांच्या अंगावर पडणार नाही व खाली उष्णताही कमी उतरेल, आणि दोन-तीनशे कौले शिलकीत ठेवावीत. कमानीचे विटांचे छप्पर या त्रासातून मुक्त आहे, परंतु त्यास शिकलेले गवंडी व पक्का हिशेब लागतो. तो मिळेल तेथेच ते करावे.

वारा, उजेड व गिलावा

इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. म्हणजे तापदायक पश्चिमेचे ऊन आखूड भिंतीवरच पडते. दक्षिणेस व पश्चिमेस आठ फूट रुंद ओसरी काढावी. तिच्यामुळे भिंतीस सावली मिळते, पावसापासून बचाव होतो व अधिक मंडळी जमल्यास बसण्यास जागा होते. खिडक्या उत्तर व दक्षिण अंगांस समोरासमोर, जमिनीवर बसलेल्या मुलास वारा लागेल इतक्या खाली असाव्यात. छपराखाली जाळी लावलेले झरोके ठेवावेत, म्हणजे तापलेली हवा वरच्या वर निघून जाते. पंधरा-सोळा इंच जाड मातीची भिंत बाहेरचे ऊन आत पोहोचविण्यास आठ-दहा तास लावते. तोवर शाळा सुटलेली असते व रात्रीचा गार वारा खिडक्यांतून घेता येतो.

आतील गिलावा माती, शेण व बारीक भुसा यांचा करून वर चुन्याची सफेदी द्यावी. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले आहेत, व तो गिलावा शतकानुशतके टिकला आहे. आपणांस अंबाडी किंवा तागाचे बारीक कातरलेले तंतू त्याच कामास उपयोगी पडतात. त्यांनी चिरा कमी पडतात. बाहेरून चुन्याचा गिलावा द्यावा. मातीच्या भिंतीवर बाहेरून सिमेंटचा जाड थर देण्याचा मोह आवरावा. आत शिरलेली ओल त्यामागे कोंडते व थोड्याच वर्षांत तो थर पापुद्र्यासारखा सुटतो.

छपराचे पाणी

सन २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ही गोष्ट कोणी विसरलेले नाही. ओसरी व वळचणी धरून आमच्या नमुन्याच्या छपराचे क्षेत्र सुमारे दोनशे चौरस मीटर होते. एक चौरस मीटरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडला व त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी एक लाख वीस हजार लिटर पाणी पन्हळींतून हाती येते. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून द्यावे, नंतरचे वाळू-कोळशाच्या गाळणीतून झाकलेल्या टाक्यात घ्यावे व उरलेले विंधनविहिरीजवळ जिरवावे. टाके व जिरवणीचा खड्डा मात्र पायापासून दूर असावा. काळ्या जमिनीत पायाशी पाणी मुरविणे म्हणजे भिंतीस आपल्या हाताने चीर पाडणे होय.

खर्च व देखभाल

हे सभागृह स्लॅबपेक्षा हमखास स्वस्त पडेल असे आश्वासन आम्ही देत नाही. माल स्वस्त पडतो, पण मजुरी अधिक लागते. फरक असा की, स्लॅबचा पैसा सिमेंट व लोखंडाच्या मार्गे तालुक्याबाहेर जातो, तर येथे त्याचा मोठा भाग दगड फोडणाऱ्या, ठोकळे पाडणाऱ्या, सुतारकाम करणाऱ्या व कौले चढविणाऱ्या गावच्याच माणसांच्या घरी राहतो.

देखभालीविषयी मात्र आम्ही स्पष्ट बोलतो. मातीची इमारत विसरलेली चालत नाही. दरसाल मृगापूर्वी कौले चाळली पाहिजेत, पन्हळी साफ केल्या पाहिजेत, वाळवीची नळी चढत आहे काय हे जोत्याभोवती फिरून पाहिले पाहिजे. दिवाळीपूर्वी सफेदी व गिलाव्याची डागडुजी झाली पाहिजे. हे काम दोन-तीन दिवसांचे आहे, पण ते कोणाचे याचा निर्णय बांधकामापूर्वी व्हावा. शाळेच्या वहीत त्याची तारीख व जबाबदार माणसांची नावे दरवर्षी लिहिली जावीत. ज्या गावास एवढे करण्याची तयारी नसेल, त्याने ही इमारत बांधू नये असा आमचा प्रामाणिक सल्ला आहे.

कामाचा क्रम

शेतीच्या कामांशी मेळ घालून क्रम येणेप्रमाणे ठेवावा. पहिल्या वैशाखात खड्डे घेऊन जमिनीची परीक्षा. पावसाळ्यात नकाशा, अभियंत्याचा हिशेब व जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाची मंजुरी. दिवाळीनंतर पाया, जोते व बांबूची तोड. पौष-माघात ठोकळे पाडणे. ठोकळे ओल्या पोत्यांखाली तीन-चार आठवडे ठेवावे लागतात व थंडीत ते सावकाश व चांगले पक्के होतात. रब्बीची काढणी आटोपताच भिंती व पट्टे, चैत्र-वैशाखात छप्पर. सात जूनला मृग लागण्यापूर्वी शेवटचे कौल बसले पाहिजे. उघड्या मातीच्या भिंतीवर एक जोराचा पाऊस पडला तर महिन्याचे काम वाया जाते.

या सर्वांत मुलांसही वाटा द्यावा असे आम्ही सुचवितो. बाटलीतील मातीची परीक्षा, छपराच्या पाण्याचा हिशेब, माळवदाच्या वजनाचे गणित ही त्यांनीच करावीत. पुढे तीच मुले आपापली घरे बांधतील. आरपार दगड व अखंड पट्टा या दोन गोष्टी त्यांच्या हाताखालून गेल्या असतील, तर स्वतःच्या घराच्या वेळी गवंड्याने त्या टाळल्याचे त्यांच्या लगेच लक्षात येईल. एका गावातील पन्नास घरांच्या भिंतींत तो दगड बसला, तर सभागृहावर झालेला खर्च केव्हाच वसूल झाला असे आम्ही समजू.